घशात खारट लागलं का?

शेवटची भेट झाली तेव्हा हौसाकाकी चिंचवडच्या एका दवाखान्यात खाटेवर बसून घरी जायचा हट्ट करत होती. नव्वदी ओलांडलेली बाई, हाताला सलाईन, छातीत कफ, आणि म्हणे आत्ता उठते, रिक्षा बोलव. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं तशी नवीन आलेली नर्स, लातूरकडची पोर होती, जवळ येऊन म्हणाली, आजी, रडू नका, उद्या सोडतील डॉक्टर. काकीनं पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि शांतपणे तिला सांगितलं, "बाय, मी रडत न्हाई. ह्यो डोळा गळका हाय. रडाया लागले तर तुला कळंल." ती पोर गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मला हसू आवरेना, त्याबद्दल मी बोलणी खाल्ली. निघताना काकीनं नेहमीचा प्रश्न विचारला, उतरतंय ना गं घशात? मी म्हटलं, उतरतंय. मग जा, म्हणाली, तुझा वेळ नको घालवू.

घरी तळवड्याला नेल्यावर आठवड्याभरात तिच्या मुलाचा, विलासचा, फोन आला. शकूताई, आई गेली, एवढंच बोलला. मी गवार मोडत बसले होते. फोन ठेवला आणि उरलेली गवार मोडून टाकली, का ते सांगता येणार नाही. त्याला आता काही आठवडे झाले, पण मला एका जागी बसवत नाही. चहा टाकते, विसरते. पेपर उघडते, मिटते. घरातले म्हणतात, जरा पड. पडून काय करू? माझ्या काकीच्या पायाला जन्मभर भिंगरी होती, जाताना ती माझ्या पायाला बांधून गेली की काय, असं वाटतंय.

ही बाई कुणाला ओळखीची असण्याचं कारण नाही. तळवड्याच्या एका शेतकऱ्याच्या घरची धाकटी सून, एवढीच तिची ओळख. पण माझा उजवा डोळा आज कोरडा आहे तो तिच्यामुळे, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझी तगमग थांबायची नाही.

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीकशी वाट असते. तिथं एक इवलीशी पिशवी, आणि पिशवीतून खाली नाकात उतरणारी नळी. डोळ्यातलं रोजचं पाणी त्या वाटेनं नाकात, घशात जातं, म्हणून आपले डोळे वाहत नाहीत. माझी उजवीकडची वाट जन्मापासून बंद होती. डोळा सारखा भरलेला, सकाळी चिकटलेला, कोपरा दाबला की पिवळं पाणी. पुष्कळ बाळांना हे असतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप सुटतं. नाही सुटलं तर डॉक्टर एक बारीक सळई घालून वाट मोकळी करतात. तेवढ्यानं भागतं... पण वेळेत केलं तर.

आमच्याकडे वेळेचा हिशेब निराळा होता. जावळ काढल्याशिवाय पोराच्या मानेच्या वर लोखंड लावायचं नाही, असा आजीचा दंडक. कात्री नाही, वस्तरा नाही, मग डॉक्टरची सळई कुठली! आणि जावळ काढायचं ते निमगावच्या खंडोबाला, मामाच्या मांडीवर बसवून. मी वर्षाची व्हायच्या आत आजोबा वारले, त्या वर्षी शुभकार्य नको म्हणून जावळ राहिलं. सम वर्षी काढत नाहीत, म्हणून थेट तिसऱ्या वर्षावर गेलं. तिसऱ्या वर्षी माझ्या चाकणच्या मामाचा आणि वडिलांचा एका लग्नातल्या मानपानावरून अबोला. मामा नाही तर मांडी नाही, मांडी नाही तर जावळ नाही. आणि जावळ नाही म्हणून डोळाही तसाच. कुणी वाईट नव्हतं हो त्यात. माझ्यावर जीव होता सगळ्यांचा. आजी रोज डोळ्यात काजळ भरायची, दृष्ट काढायची. पण डोळा वाहतच होता आणि मी मोठी होत होते.

मी चार-साडेचार वर्षांची असताना, म्हणजे पन्नास सालच्या आसपास, तात्यांचं, माझ्या धाकट्या चुलत्यांचं लग्न झालं आणि रावेतची हौसा आमच्या घरात आली. तिचा डावा डोळा गळत होता. मांडवातच कुजबुज सुरू झाली होती की नवरी एकाच डोळ्यानं रडतेय, हे लक्षण बरं नाही. खरा प्रकार असा होता की तिलाही त्याच कोपऱ्यात गाठ झाली होती, सारखी सुजायची, पिकायची. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या वडिलांना दोन गोष्टी सांगितल्या. ती पिशवीच काढून टाकली तर चार दिवसांत काम होतं, गाठ पुन्हा येत नाही, पण डोळा कायमचा गळतो. किंवा हाडाला भोक पाडून पिशवी नाकाला जोडायची, नवी वाट करायची. त्याला वेळ लागतो, पुन्हा पुन्हा दाखवायला यावं लागतं आणि ती वाट टिकेलच असं नाही. लग्न महिन्यावर आलं होतं. पोर मांडवात सुजल्या तोंडानं उभी राहायला नको म्हणून वडिलांनी पिशवी काढून टाकायला सांगितलं. तिला कुणी विचारलं नाही. लग्न ठरल्या तिथीला झालं आणि डोळा पुढं सत्तर-पंचाहत्तर वर्षं गळत राहिला.

सासरी आल्यावर तिनं मला पाहिलं. तिचा डावा, माझा उजवा. समोरासमोर उभ्या राहिलो की दोघींचं पाणी एकाच बाजूनं यायचं, आणि मला त्याची फार गंमत वाटायची. तिला वाटली नाही. तिनं विचारपूस केली, जावळाचं गऱ्हाणं ऐकलं, आणि पुढच्या बाजाराला तात्या कांदा घेऊन चाकणला निघाले तेव्हा हळद न उतरलेली ही सून गाडीत जाऊन बसली. संध्याकाळी गाडीतून मामाला घेऊन आली. त्याला काय सांगितलं, कुणाला कळलं नाही. वडील ओट्यावर, मामा अंगणात, दोघंही जमिनीकडं बघतायत, आणि काकी आत चुलीपुढं भाकरी थापतेय जणू आपला काही संबंधच नाही. आजीनं तिला फैलावर घेतलं. पण पाचव्या वर्षी निमगावला माझं जावळ निघालं, मामाच्या मांडीवर.

डोक्यावर केस यायच्या आत काकी आणि आई मला घेऊन तळेगावला गेल्या. देहूरोडपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी. तिथल्या दवाखान्यात पुण्याचे एक डोळ्यांचे डॉक्टर ठरल्या वारी यायचे. त्यांनी एक बोथट सुई कोपऱ्यात लावून मिठाचं पाणी सोडलं आणि मला विचारलं, "घशात खारट लागलं का?" मी मान हलवली, नाही. पाणी सगळं डोळ्यातूनच परत आलं होतं. डॉक्टर आईला म्हणाले, ही वर्षाच्या आसपास यायला हवी होती, फार तर दुसऱ्या वर्षी. तेव्हा सळईनं काम सोपं असतं. जसजसं वय वाढतं तसतशी ती वाट घट्ट होत जाते, मग ती सळईला दाद देईलच असं नाही. काकीनं पुन्हा विचारलं, कधी यायला पायजे व्हतं म्हनला? जणू नीट ऐकलं तर उत्तर बदलणार होतं.

भूल देऊन सळई घातली. काही महिन्यांनी पुन्हा घातली. दोन्ही वेळा नंतर तोच प्रश्न, घशात खारट लागलं का, आणि माझी तीच मान. तिसऱ्यांदा डॉक्टर नको म्हणाले. आता उपाय एकच, नाकाच्या हाडातून नवी वाट करणं. पण एवढ्या लहान पोरीच्या एवढ्याशा हाडावर आपण करणार नाही, चेहरा वाढू द्या, बारा-तेरा वर्षांची होऊ द्या. म्हणजे बघा, एका ऑपरेशनला आम्हाला उशीर झाला होता आणि दुसऱ्याला आम्ही फार लवकर आलो होतो. आज विचार केला तरी माझं डोकं उठतं. मधल्या वर्षांचं काय करायचं? तर थांबायचं. रोज कोपरा दाबून घाण काढायची, तिथं साठू द्यायचं नाही, आणि थांबायचं.

आणि हे कुणाला सांगितलं, तर हौसाकाकीला! जिच्यानं दूध उतू जाईपर्यंत चुलीजवळ थांबवत नव्हतं, जी पाडाला यायच्या आत कैऱ्या उतरवायची, पेरलेली मेथी उगवली का म्हणून माती उकरून बघायची. देहूरोडच्या फलाटावर गाडीची वाट बघताना आई बाकावर बसायची आणि काकी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची. एकदा स्टेशनमास्तरांनी विचारलं, बाई, काही हरवलंय का? तर म्हणते कशी, व्हय, गाडी हरवलीय.

पण माझ्या डोळ्याशी तिचं बोट थांबायचं. रोज सकाळी मिश्री लावून झाली की ती लाल साबणानं हात धुवायची, पुन्हा धुवायची, मला दोन गुडघ्यांत धरायची आणि कोपऱ्यावर बोट ठेवून हळूच दाबायची. साबण असूनही त्या बोटाला मिश्रीचा वास यायचा. जे बाहेर यायचं ते फडक्यावर घेऊन उजेडात बघायची. आज पातळ हाय. आज दाट हाय, काल धुळीत खेळलीस. माझं काजळ तिनं बंद केलं, त्यावरून आजीशी रोज खटका. आई शेतावर, आजी देवघरात, आणि ही माझ्या मागं फडकं घेऊन. मला तिचा राग यायचा, खरंच यायचा. शाळेत पोरं मला रडूबाई म्हणायची, आणि घरी आले की ही दारात फडकं घेऊन उभी.

मी दहा वर्षांची असताना ते व्हायचं ते झालं. एका रात्रीत कोपरा सुपारीएवढा सुजला, डोळा मिटला, ताप चढला. सकाळी गाडी जुंपून तळेगाव गाठलं, नशिबानं पुण्याच्या डॉक्टरांचा वार होता. डॉक्टरांनी बघितलं आणि वडिलांपुढं सरळ मांडलं. आत पू झालाय, तो आधी उतरवावा लागेल. नंतर हवं तर पिशवी काढून टाकतो. पुन्हा हे दुखणं येणार नाही, मात्र डोळा गळत राहील. किंवा थांबा, पण थांबलात तर असं पुन्हा होऊ शकतं, आणि पू आत पसरला तर डोळ्याला धोका आहे. पुढच्या ऑपरेशनचीही मी खात्री देत नाही. वडील म्हणाले, काढून टाका. त्यांचं तरी काय चुकलं? पोर तापानं फणफणलेली, आणि समोर एक उपाय असा की ज्यानं हे कायमचं संपतं.

काकी मधे पडली. थोरल्या दिरासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती, तिथं बोलली, की काढू नका. वडिलांनी मान वळवली. आई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "तुझं काय जातंय गं? पोर माझी हाय." मी तापात होते, तरी ते वाक्य मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. काकीचं तोंड उतरलं. मग तिनं आपल्या लुगड्याच्या पदराचं टोक आईच्या हातात दिलं. म्हणाली, "आक्का, ह्यो धरा. लगीन झाल्यापास्नं कोरडा न्हाई. मला कुनी इचारलं न्हाई, हिला तरी इचारा."

आई ते ओलं टोक हातात धरून बसली. मला कुणी विचारलं नाहीच, दहा वर्षांच्या पोरीला काय विचारणार! पण आईनं वडिलांना सांगितलं, थांबू या. आणि काकीकडं वळून म्हणाली, हिच्या डोळ्याला काय झालं तर मी तुला इचारीन. काकी म्हणाली, इचारा.

त्या दिवसापासून ते ओझं काकीच्या डोक्यावर आलं. आईनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण काकीला झोप लागत नसे. चीर देऊन पू काढला, पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली. तात्या तेव्हा पिंपरीत नव्यानं उभ्या राहिलेल्या औषधाच्या सरकारी कारखान्यात लागले होते. तिथं हेच औषध बनतं म्हटल्यावर काकी कारखान्याच्या दिशेनं हात जोडायला लागली, आणि तात्या संध्याकाळी दमून आले की त्यांना विचारायची, आज बनलं का? ते वैतागून म्हणायचे, अगं, मी तिथं पाइप जोडतो! सूज उतरली, नाकाजवळ व्रण राहिला, तो अजून आहे. पुढची दोन वर्षं तिनं माझ्या डोळ्याकडं बघत काढली. मी शिंकले तरी ती धावत यायची. मामाकडं जाऊ देईना, नदीत पोहू देईना. एकदा मी चिडून म्हटलं, तू माझी आई आहेस का? ती म्हणाली, न्हाई, म्हनून तर भ्या वाटतंय.

बारावं सरलं तेव्हा पुण्याला ऑपरेशन झालं. गुंगीचं औषध होतं, जागा बधिर केली होती, दुखलं फारसं नाही. पण नाकाच्या हाडावर छिन्नी बसत होती तो आवाज कानातून नाही, आतून यायचा, थेट डोक्यात. बाहेर आई भिंतीला टेकून बसली होती आणि काकी व्हरांड्यात चालत होती. इतकी की शेवटी तिथल्या शिपायानं तिला अंगणात चालायला सांगितलं.

मग पट्ट्या, नाकात कोंबलेली पट्टी, काळंनिळं तोंड. सगळं निघाल्यावर एका सकाळी डॉक्टरांनी ती बोथट सुई हातात घेतली. आई खुर्चीशी, काकी दारात. आत यायची तिची हिंमत नव्हती. कोपऱ्यात गार पाणी गेलं. मी सवयीनं ते गालावर यायची वाट बघत राहिले. गालावर काही आलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "घशात खारट लागलं का?" मला खात्री वाटेना, मी थुंकी गिळून बघितली. दारातून काकीला राहवलं नाही. बोल की गं, म्हणाली.

"लागलं," मी म्हटलं.

काकी हसली नाही की काही नाही. डॉक्टरांना म्हणाली, पुन्हा एकदा करा. त्यांनी केलं. पुन्हा लागलं. मग ती दारातून नाहीशी झाली. आई शोधायला गेली तेव्हा काकी अंगणात नळापाशी भिंतीकडं तोंड करून उभी होती. आई ही गोष्ट मरेपर्यंत सांगायची. म्हणायची, डाव्या डोळ्याचं पाणी मी रोजच बघत होते, त्या दिवशी उजव्यातून पण वाहत होतं, तेव्हा कळलं मला, बाई रडतेय. आई तिला हाताला धरून आत घेऊन आली आणि डॉक्टरांना म्हणाली, आता हिचा डोळा बघा. डॉक्टरांनी बघितला. व्रण दाबून बघितला, खाली वाकून बघितला. म्हणाले, बाई, पिशवीच ठेवलेली नाही, नाकाला जोडू काय? आईच्या डोळ्यात पाणी आलं. काकीनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, चला मग, गाडी चुकंल.

नवी वाट बुजू शकते, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्याकडच्या काहींची बुजलीही होती. माझी टिकली. का टिकली, कोण जाणे. चांगल्या हातांनी केलं म्हणून, योग्य वयात केलं म्हणून, की नुसतं नशीब... मला आजही ठरवता येत नाही. त्या दुखण्यात पू पसरला असता तर हीच काकी आमच्या घरात जन्माची अपराधी ठरली असती आणि मी हा लेख लिहिलाच नसता. थांबणं बरोबर होतं की नाही, हे थांबून झाल्यावरच कळतं, आणि मला या गोष्टीचा संताप येतो. काकीलाही यायचा. म्हणूनच पुढच्या साऱ्या आयुष्यात, मी शिक्षिका झाले, संसार केला, आजी झाले तरी, भेटले की तिचा पहिला किंवा शेवटचा प्रश्न तोच. उतरतंय ना गं घशात? तिची खात्री कधी झालीच नाही.

तिला न्यायच्या आधी मी तळवड्याला पोचले. आमच्या जुन्या शेताजवळ आता काचेच्या इमारती आहेत, तिथल्या गाड्यांच्या गर्दीत रिक्षा अडकून पडली आणि मी उतरून चालत सुटले. घरात तिला भिंतीशी निजवलं होतं. मी जवळ बसले आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. डावा डोळा कोरडा होता. उभ्या जन्मात तो मी पहिल्यांदा कोरडा बघितला. मी तिथून उठले, मला ते बघवेना.

तेराव्यानंतर सुनेनं तिची लुगडी वाटली. मी एकच मागून घेतलं, हिरव्या काठाचं, रोजचं. बाकी सगळं धड आहे, पदराचं एक टोक तेवढं पुसून पुसून विरलंय, त्याचा हिरवा रंग उडून गेलाय. ते लुगडं मी कपाटात ठेवते, काढते, पुन्हा ठेवते. काल दुपारी ते विरलेलं टोक डोळ्याला लावून बसले आणि इतके दिवस आलं नव्हतं ते रडू आलं. डावीकडून आलं, उजवीकडून आलं, थोडं पदराला लागलं. बाकीचं आत गेलं, नाकातून खाली, घशात.

लागलं, काकी. खारट लागलं.